तळ्यांच्या काठाकाठाने रायपूर

मुंबईच्या मरीन ड्राइव्हवर संध्याकाळी फिरण्याचा आनंद ज्यांनी घेतला आहे, त्यांना रायपूर स्थानकाबाहेर रिक्षाचालकाच्या तोंडून ‘मरीन ड्राइव्ह चलना है क्या?’ असा प्रश्न ऐकून नवल वाटल्यावाचून राहत नाही. छत्तीसगडला समुद्रकिनारा नाही. सर्वांत जवळचा समुद्र ओडिशाच्या किनाऱ्यावर, शेकडो किलोमीटर दूर. तरीही या राजधानीत पाण्याच्या काठाने वळत जाणारा एक प्रशस्त फिरस्तीमार्ग आहे, तेथे पहाटे आणि सायंकाळी गर्दी लोटते आणि शहरवासीयांनी त्याला कौतुकाने मुंबईचे नाव दिले आहे. हे पाणी समुद्राचे नसून तेलीबांधा तलावाचे आहे, एवढाच काय तो फरक!

नागपूरहून मुंबई–हावडा लोहमार्गाने पूर्वेकडे निघाले की गोंदिया, राजनांदगाव, दुर्ग ही स्थानके मागे टाकीत गाडी रायपूरला पोहोचते. १ नोव्हेंबर २००० रोजी छत्तीसगड राज्य अस्तित्वात आले आणि हे शहर राजधानी झाले. मराठी माणसाला मात्र या शहराची ओळख त्याहून पुष्कळ जुनी आहे. नागपूरकर भोसल्यांच्या अमलापासून ते १९५६ पर्यंत नागपूर आणि रायपूर यांचा कारभार बहुतांशी एकाच छत्राखाली चालला. या दीर्घ सहवासाच्या खुणा आजही येथील गल्ल्यांच्या नावांत, मठमंदिरांत आणि शाळांच्या पाट्यांवर आढळतात. त्या पाहायच्या तर मोटारीतून नव्हे, पायीच हिंडले पाहिजे.

पावसाची बचत

रायपूर हे मुळात तळ्यांचे गाव. छत्तीसगडच्या मैदानात पाऊस भरपूर पडतो, परंतु तो जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत पडून जातो. उरलेल्या आठ महिन्यांसाठी पाणी राखून ठेवावयाचे, तर सपाट भूमीवर एकच उपाय होता. खोलगट जागा पाहून बांध घालायचा आणि वाहून जाणारे पाणी अडवायचे. राजांनी, महंतांनी, व्यापाऱ्यांनी आणि कधी संपूर्ण जातसमूहांनी अशी तळी बांधली. तळे बांधणे हे पुण्यकर्म मानले जाई, पण त्यामागे हिशेबही होता. तळे भरलेले असले की भोवतालच्या विहिरींना पाणी राही, गुरांची सोय होई आणि पावसाने ओढ दिली तर निदान काठची भातशेती वाचे. चांगल्या दिवसांत थोडे बाजूला ठेवावे आणि वाईट दिवसांत ते उपयोगी पडावे, हा बचतीचा धडा या प्रदेशाने प्रथम पाण्यावर गिरविला.

म्हणूनच रायपूर समजून घेण्याचा उत्तम मार्ग तळ्यांच्या काठाकाठाने जातो. आरंभ तेलीबांध्यापासून करावा. पहाटे साडेपाचच्या सुमारास येथे पांढऱ्या बुटांतील निवृत्त कर्मचारी, योगासने करणाऱ्या महिला आणि धावण्याचा सराव करणारी मुले यांची लगबग सुरू होते. काठावर ८२ मीटर उंचीचा ध्वजस्तंभ आहे. २०१६ मध्ये तो उभारला गेला तेव्हा देशातील सर्वांत उंच ध्वजस्तंभांत त्याची गणना झाली. तलावाचे नाव तेली समाजाशी असलेले त्याचे नाते सांगते. फेरी संपली की जवळच्या ठेल्यावर गरम पोहे आणि जिलेबी यांची जोडी मिळते. पोह्यांबरोबर जिलेबी हे पश्चिम महाराष्ट्राला विचित्र वाटेल, पण नागपूरकराला त्यात ओळखीची चव सापडेल.

बूढा तलाव ते महाराजबंध

दुसरी पदयात्रा जुन्या शहराची. ती तीन तासांची आहे आणि सकाळी लवकरच करावी. प्रारंभ बूढा तलावापासून होतो. शहरातील हे सर्वांत प्रसिद्ध तळे, आज त्याचे अधिकृत नाव विवेकानंद सरोवर असे आहे. तलावाच्या मध्यभागी बेटावर उद्यान असून तेथे स्वामी विवेकानंदांचा भव्य पुतळा आहे. या नामकरणाला कारण आहे. १८७७ मध्ये विश्वनाथ दत्त हे वकील कामानिमित्त रायपुरात येऊन राहिले आणि त्यांच्यापाठोपाठ त्यांचे कुटुंबही आले. त्या कुटुंबातील चौदा वर्षांचा नरेंद्र पुढे विवेकानंद म्हणून जगाला ज्ञात झाला. त्या वेळी रायपूरला रेल्वे नव्हती. अखेरचा दीर्घ प्रवास अरण्यातून बैलगाडीने करावा लागला आणि विंध्य पर्वतातील त्या वाटेवर आपण निसर्गदर्शनाने भान हरपलो होतो, ही आठवण त्यांनी पुढे सांगितल्याचे त्यांच्या चरित्रांत नमूद आहे. सुमारे दोन वर्षे हा मुलगा तलावाजवळच्या बूढापारा भागात राहिला. येथे वडील हेच त्याचे शिक्षक झाले आणि घरी येणाऱ्या विद्वानांच्या चर्चा हीच त्याची पाठशाळा झाली. कोलकात्याबाहेर विवेकानंदांचे बाल्य जेथे एवढा काळ रमले, असे दुसरे गाव नाही.

‘पारा’ म्हणजे वस्ती किंवा आळी. बूढापारा, ब्राह्मणपारा, कंकालीपारा, मठपारा अशा पाऱ्यांतून वाट काढीत पुढे गेले की ‘पुरानी बस्ती’ लागते. रायपूरच्या कलचुरी राजांचा किल्ला याच परिसरात होता. त्याच्या तटबंदीचे आज दर्शन होत नाही, परंतु दोन्ही अंगांनी तळी आणि मध्ये उंचवट्यावर वस्ती ही रचना चालताना पायांना कळते. त्या काळी तळी ही किल्ल्याच्या संरक्षणाचाही भाग होती. येथील महामाया मंदिर कलचुरींच्या कुलदेवतेचे. नवरात्रात मंदिरात हजारो ज्योती अखंड तेवत असतात. ‘ज्योत’ लावण्यासाठी दूरगावचे, क्वचित परदेशातील भाविकही आधीपासून नाव नोंदवितात. येथून जवळच दगडी घाटांनी बांधून काढलेला कंकाली तलाव आहे. त्याच्या मध्यभागी महादेवाचे लहानसे देऊळ असून ते एरवी पाण्याखाली असते.

पुरानी बस्तीतून दक्षिणेकडे वळले की दूधाधारी मठ येतो. या मठाचे मूळ पुरुष महंत बलभद्रदास हे केवळ दुधावर राहत असत, म्हणून ‘दूधाधारी’. अठराव्या शतकात रामभक्त भोसल्यांचा या मठाला आश्रय लाभला. आतील राममंदिराच्या भिंतींवर जुनी रंगीत चित्रे आहेत. त्यांतील रंग विरले असले तरी पगड्या, घोडे आणि मिरवणुका ओळखू येतात. मठाजवळचा महाराजबंध तलाव हा मराठा अमलातील एका महसूल अधिकाऱ्याने बांधल्याची नोंद इंग्रजी अमदानीतील गॅझेटिअरमध्ये आढळते. मराठी पाहुण्याने या काठावर क्षणभर थांबावे, कारण येथे त्याच्या स्वतःच्या इतिहासाची गाठ पडते.

भोसल्यांचा अंमल

१७४१ मध्ये नागपूरकर रघुजी भोसल्यांचे सेनापती भास्करपंत कोल्हटकर बंगालच्या स्वारीवर निघाले असता वाटेत रतनपूरच्या कलचुरी राजाला शरण यावे लागले. छत्तीसगडवर मराठ्यांचा अंमल बसण्याची ती सुरुवात होय. रघुजींचे पुत्र बिंबाजी भोसले १७५८ मध्ये रतनपूरला आले आणि १७८७ मध्ये मृत्यू येईपर्यंत तेथेच राहिले. त्यांनी रतनपूर आणि रायपूर हे दोन्ही भाग एका कारभाराखाली आणले, रतनपूरच्या टेकडीवर राममंदिर बांधले आणि त्या टेकडीला नागपूरजवळच्या तीर्थाचे स्मरण म्हणून रामटेक हे नाव मिळाले. छत्तीसगडात दसऱ्याला आजही ‘सोनपत्ती’ देऊन परस्परांना भेटतात. ही प्रथा बिंबाजींनी आणली असे मानले जाते. रायपूरच्या रस्त्यावर दसऱ्याच्या सायंकाळी अनोळखी माणसाने हातात सोने ठेवले, तर मराठी पाहुण्याला परकेपणा वाटत नाही.

परंतु इतिहास सर्वच सुखद नसतो आणि तो निवडून सांगणे योग्य नव्हे. बिंबाजी प्रजेमध्ये राहिले म्हणून प्रजेने त्यांना आपले मानले. त्यांच्या पश्चात मात्र राज्यकर्ते नागपुरातच राहिले आणि छत्तीसगडचा कारभार सुभेदारांच्या हाती गेला. सुभेदार विठ्ठलराव दिनकर यांनी जुने गढ मोडून परगण्यांची व्यवस्था लावली, कमाविसदार नेमले, हिशेब लिहिण्याची शिस्त आणली. व्यवस्था नेटकी होती, पण तिचा रोख वसुलीवर होता. गोळा झालेला पैसा प्रदेशाबाहेर जाई आणि तळ्यांसारख्या कामांसाठी फारसा परत येत नसे. लोकांच्या मनात या काळाची आठवण म्हणूनच दुहेरी आहे. बिंबाजींविषयी आदर आणि सुभ्याविषयी नाराजी. १८१८ मध्ये इंग्रज अधिकाऱ्यांनी कारभार हाती घेतला तेव्हा मुख्य ठाणे रतनपूरहून रायपूरला हलविण्यात आले. १८३० मध्ये प्रदेश पुन्हा भोसल्यांकडे आला. ११ डिसेंबर १८५३ रोजी तिसरे रघुजी निपुत्रिक वारले आणि १८५४ मध्ये नागपूरबरोबरच छत्तीसगडही खालसा झाले.

तात्यापाऱ्यातील दोन मित्र

तिसरी पदयात्रा लहान, पण मनाला सर्वाधिक भिडणारी. तात्यापारा चौकातून ती सुरू होते. नावातच मराठीपण असलेल्या या आळीत आणि भोवतालच्या भागात पिढ्यान् पिढ्या मराठी कुटुंबे राहिली. कोणी भोसल्यांच्या कारकुनीतून आले, तर कोणी पुढे रेल्वे, न्यायालये आणि शाळा यांच्या निमित्ताने विदर्भातून आले. घरात मराठी आणि अंगणात छत्तीसगडी बोलणारी ही माणसे. आज शहरातील महाराष्ट्र मंडळाचे केंद्र चौबे कॉलनीत आहे, तेथे गणेशोत्सव आणि मराठी नाटके होतात. परंतु या समाजाने शहराला दिलेले सर्वांत मोठे देणे मराठीत नव्हते, ते हिंदीत होते.

बूढा तलावाजवळच्या मैदानालगत माधवराव सप्रे यांच्या नावाची शाळा आहे. १९ जून १८७१ रोजी दमोह जिल्ह्यातील पथरिया येथे जन्मलेल्या या मराठी तरुणाचे शिक्षण बिलासपूर आणि रायपूर येथे झाले. जानेवारी १९०० मध्ये त्यांनी ‘छत्तीसगड मित्र’ हे हिंदी मासिक सुरू केले. या प्रदेशातील पत्रकारितेचा तो प्रारंभ मानला जातो. संपादनात त्यांचे सहकारी रामराव चिंचोलकर होते आणि प्रकाशनाची जबाबदारी वामन बळीराम लाखे यांनी घेतली होती. तिघेही मराठीभाषक, मासिक हिंदी आणि वाचक छत्तीसगडचे! पेंड्रा गावी राहून सप्रे मजकूर तयार करीत. वर्गणीदार थोडे, त्यांतही वर्गणी वेळेवर देणारे त्याहून थोडे. आर्थिक तोट्यामुळे तीन वर्षांनी, १९०२ च्या अखेरीस मासिक बंद पडले. तेवढ्या अवधीत हिंदी समीक्षेचा पाया घालणारे लेखन त्यात झाले होते आणि १९०१ मध्ये सप्रे यांची ‘एक टोकरी भर मिट्टी’ ही कथा त्यात प्रसिद्ध झाली होती. हिंदीतील आरंभीच्या कथांमध्ये तिची गणना होते. आपल्या झोपडीवर जमीनदाराची नजर पडलेली एक वृद्धा त्या कथेत टोपलीभर मातीची मागणी करते. ती टोपली जमीनदाराला उचलवत नाही आणि एवढी माती उचलता येत नाही तर सगळ्या जमिनीचे ओझे जन्मभर कसे वाहणार, हा तिचा प्रश्न त्याला निरुत्तर करतो.

१९०७ मध्ये सप्रे यांनी लोकमान्य टिळकांच्या प्रेरणेने नागपुरातून ‘हिंदी केसरी’ सुरू केला. पुढल्याच वर्षी राजद्रोहाच्या आरोपाखाली त्यांना अटक झाली. कुटुंबीयांच्या आग्रहापुढे नमून त्यांनी माफीपत्रावर सही केली आणि सुटका करून घेतली. त्या एका सहीची खंत त्यांच्या मनातून कधी गेली नाही. सार्वजनिक जीवनातून ते काही काळ दूर झाले आणि एकांतात समर्थ रामदासांच्या ‘दासबोधा’चे अध्ययन करू लागले. त्यातूनच त्यांनी ‘दासबोध’ हिंदीत आणला. पुढे टिळकांचे ‘गीतारहस्य’ही त्यांनीच हिंदी वाचकांपर्यंत पोहोचविले. आपल्या दुबळ्या क्षणाची भरपाई एका माणसाने आयुष्यभराच्या कामाने केली. रायपुरात मुलींची शाळा काढण्यातही त्यांचा पुढाकार होता. २३ एप्रिल १९२६ रोजी त्यांनी याच शहरात देह ठेवला.

त्यांचे मित्र वामनराव लाखे यांच्या नावाचा चौक, लाखेनगर, येथून पायी अंतरावर आहे. चौकातून रोज हजारो वाहने जातात, परंतु हे नाव कोणाचे, याची कल्पना त्यांतील फार थोड्यांना असेल. बँकव्यवहाराशी संबंध असलेल्या वाचकांनी मात्र येथे आवर्जून यावे. लाखे हे रायपूरचे वकील. न्यायालयात त्यांच्यासमोर येणाऱ्या शेतकऱ्यांचे दुःख बहुधा एकाच स्वरूपाचे असे. छत्तीसगडची शेती पावसावर आणि एका पिकावर, धानावर, चालणारी. आषाढात पेरणीसाठी पैसा लागतो आणि धान घरात येते कार्तिक-मार्गशीर्षात. मधल्या महिन्यांची गरज सावकार भागवी आणि त्याचे व्याज पीक येताच पिकाचा मोठा वाटा घेऊन जाई. एक पाऊस हुकला की शेत गहाण पडे. १९०४ च्या कायद्याने देशात सहकारी पतसंस्था काढण्याची सोय झाली होती. १९१२ च्या कायद्याने अशा संस्थांना पैसा पुरविणाऱ्या मध्यवर्ती बँकांनाही मान्यता मिळाली. लाखे यांनी वेळ दवडला नाही. १९१३ मध्ये त्यांनी रायपुरात सहकारी मध्यवर्ती बँक स्थापन केली आणि पुढे दीर्घकाळ तिचे मानद सचिव म्हणून काम पाहिले.

ही रचना साधी, पण दूरदृष्टीची होती. एकटा शेतकरी कर्ज मागू लागला तर त्याच्याजवळ तारण थोडे. गावातील शेतकऱ्यांनी एकत्र येऊन पतसंस्था काढली तर ते एकमेकांना जामीन राहत आणि शेजाऱ्याचे डोळे हीच वसुलीची हमी असे. अशा अनेक संस्थांची बचत मध्यवर्ती बँकेत जमा होई आणि ज्या गावाला गरज असेल तिकडे वळविली जाई. तळ्याचे तत्त्वही याहून वेगळे नाही. अनेक ओहोळांचे पाणी एका ठिकाणी साठवायचे आणि कोरड्या दिवसांत पाटाने शेतापर्यंत न्यायचे. सरकारने दिलेली ‘रायसाहेब’ ही पदवी लाखे यांनी असहकाराच्या चळवळीत परत केली. १९३० च्या सविनय कायदेभंगात रायपूरच्या ज्या पाच पुढाऱ्यांना लोक ‘पाच पांडव’ म्हणत, त्यांत ते युधिष्ठिर होते. स्वातंत्र्य मिळालेले पाहून १९४८ मध्ये ते निवर्तले.

जयस्तंभ आणि संग्रहालय

लाखेनगरहून बाजारपेठेतून जयस्तंभ चौकात यावे. सोनाखानचे जमीनदार वीर नारायण सिंह यांना १० डिसेंबर १८५७ रोजी रायपुरात फाशी देण्यात आले, ते याच जागी असे लोक मानतात. १८५६ च्या दुष्काळात रयत उपाशी मरत असताना त्यांनी कसडोलच्या एका व्यापाऱ्याचे धान्याचे कोठार उघडून धान्य लोकांना वाटले आणि आपण काय केले हे स्वतः अधिकाऱ्यांना कळविले. त्याबद्दल त्यांना तुरुंगात टाकले गेले. तेथून निसटून त्यांनी उठाव केला आणि अखेर प्राण दिले. पुढील जानेवारीत रायपूरच्या छावणीत हनुमान सिंह यांनी बंड पुकारले आणि त्यांच्या सतरा साथीदारांना २२ जानेवारी १८५८ रोजी फाशी झाली. कोठारात साठा होता, पण तो भुकेल्यांच्या कामी येत नव्हता. सोनाखानची कथा आणि लाखे यांची बँक यांच्यामध्ये सहा दशकांचे अंतर असले तरी दोहोंच्या मुळाशी प्रश्न एकच होता.

येथून घडी चौकाच्या दिशेने महंत घासीदास स्मारक संग्रहालय आहे. १८७५ मध्ये राजनांदगावच्या महंत घासीदासांच्या देणगीतून ते स्थापन झाले. देशातील सर्वांत जुन्या संग्रहालयांपैकी हे एक होय. सध्याच्या इमारतीचे उद्घाटन १९५३ मध्ये राष्ट्रपती डॉ. राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते झाले. सिरपूरच्या धातुमूर्ती पाहून झाल्यावर एका काळपट लाकडी खांबासमोर थांबावे. किरारी गावच्या हीराबांध तळ्यात १९२१ मध्ये पाणी आटले असता तो सापडला. सुमारे अठराशे वर्षांपूर्वीचा हा लाकडी लेख इतकी शतके टिकला, कारण तळ्याच्या चिखलाने त्याला हवेपासून जपले. उन्हात काढताच लाकडाचे कपचे उडू लागले आणि अक्षरे नाहीशी होऊ लागली. गावातील एका पंडिताने ती दिसली तशी घाईघाईने उतरवून घेतली, म्हणून मजकूर आज उपलब्ध आहे. त्यात राज्याच्या अधिकाऱ्यांची नावे आणि पदे आहेत. सेनापती आहे, प्रतिहार आहे, आणि हिशेब ठेवणारा ‘गणक’ व कोषाची जबाबदारी वाहणारा ‘भांडागारिक’ही आहे. बँकेत काम करणाऱ्यांना आपल्या पूर्वसुरींची अशी भेट अन्यत्र क्वचितच घडेल!

संग्रहालयाच्याच आवारात २०१६ मध्ये ‘गढकलेवा’ हे छत्तीसगडी खाद्यगृह सुरू झाले. महिला बचतगटाच्या सदस्या तेथे तांदळाच्या पिठाचे चीला, फरा आणि चौसेला, तसेच ठेठरी, खुर्मी आणि अइरसा असे पदार्थ करून वाढतात. अइरसा म्हणजे आपल्या अनारशाचाच भाऊबंद.

महादेव घाट आणि नवा रायपूर

चौथी फेरी संध्याकाळची. शहराच्या नैर्ऋत्येस खारून नदीच्या काठी महादेव घाट आहे. येथील हाटकेश्वर मंदिराचा संबंध कलचुरी राजा ब्रह्मदेव याच्या काळातील, इसवी सन १४०२ च्या शिलालेखाशी जोडला जातो. याच राजाच्या काळात, १४१५ मध्ये, खल्लारी येथे देवपाल नावाच्या चर्मकाराने नारायणाचे मंदिर बांधले. त्याचाही शिलालेख आहे. सहाशे वर्षांपूर्वीच्या समाजाविषयी ठाम विधाने करण्याआधी हा लेख आठवावा. कलचुरी लेखांचा प्रचंड संग्रह नागपूरचे महामहोपाध्याय वासुदेव विष्णू मिराशी यांनी संपादित करून १९५५ मध्ये प्रसिद्ध केला आणि या प्रदेशाचा इतिहास पक्क्या पायावर उभा राहिला. कार्तिकी पौर्णिमेला घाटावर ‘पुन्नी मेळा’ भरतो, पहाटेच्या अंधारात स्नानासाठी रीघ लागते. खारूनचे पाणी शिवनाथ नदीला, शिवनाथचे महानदीला आणि महानदीचे बंगालच्या उपसागराला मिळते. रायपूरला समुद्र नाही, असे तरी कसे म्हणावे!

जुन्या शहराच्या आग्नेयेस सुमारे वीस किलोमीटरवर नवा रायपूर वसला आहे. २०१२ मध्ये मंत्रालय येथे आले. २०१८ मध्ये शहराला अटलबिहारी वाजपेयी यांचे नाव देण्यात आले. रुंद रस्ते, आखीव चौक आणि झाडांच्या रांगा पाहून जुन्या पाऱ्यांतून आलेला माणूस थोडा बावरतो. चालण्यासाठी येथे ‘पुरखौती मुक्तांगण’ निवडावे. पुरखौती म्हणजे पूर्वजांचा ठेवा. २००६ मध्ये राष्ट्रपती डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम यांनी त्याचे उद्घाटन केले. बस्तरच्या कलावंतांची शिल्पे, भित्तिचित्रे आणि लोकनृत्यांच्या प्रतिमा येथे मोकळ्या आकाशाखाली मांडल्या आहेत. २०१६ मध्ये जंगल सफारी आणि २०२५ मध्ये वीर नारायण सिंह यांच्या नावाचे आदिवासी स्वातंत्र्यसैनिकांचे संग्रहालय सुरू झाले. हे नगर मात्र मोकळ्या माळावर उभे राहिलेले नाही. येथे गावे होती, धानाची खाचरे होती आणि अर्थातच तळी होती. नव्या आराखड्यात त्यांतील सेंध आणि झांझ यांसारखे जलाशय राखले गेले, ही समाधानाची गोष्ट. ज्यांची शेते या शहरात गेली, त्या ग्रामस्थांनी मोबदला आणि पुनर्वसन यांसाठी दीर्घ आंदोलने केली, हेही रुंद रस्त्यावरून चालताना विसरू नये.

आरंग, राजिम आणि सिरपूर

हाती दोन दिवस असतील तर शहराबाहेर पडावे. पूर्वेस आरंग येथे भांड देऊळ हे जैन मंदिर असून गाभाऱ्यात तीन तीर्थंकरांच्या काळ्या पाषाणातील उंच मूर्ती आहेत. दक्षिणेस सुमारे ४५ किलोमीटरवर राजिम. येथे महानदी, पैरी आणि सोंढूर यांचा संगम होतो. काठावरील राजीवलोचन मंदिरातील कोरीव स्तंभ पाहून नदीच्या वाळवंटात उतरावे आणि पात्राच्या मधोमध उंच जोत्यावर उभ्या असलेल्या कुलेश्वर महादेवापर्यंत चालत जावे. पावसाळ्यात पुराचा लोंढा चहूकडून आदळतो, तरी देऊळ शतकानुशतके उभे आहे. माघी पौर्णिमेपासून महाशिवरात्रीपर्यंत येथे मोठी यात्रा भरते. पूर्वी रायपूरहून राजिमला इंग्रजी अमदानीतील अरुंद मापाची छोटी गाडी धावत असे. आता त्या मार्गाचे रुंदीकरण झाले असून २०२५ मध्ये नव्या रायपूरवरून जाणारी गाडी सुरू झाली आहे.

सिरपूर सुमारे ८० किलोमीटरवर, महानदीच्या काठी. सातव्या शतकात हे दक्षिण कोसलच्या राजांचे वैभवशाली नगर होते. चिनी यात्रेकरू ह्युएनत्संग याने या राज्याला भेट दिली होती. येथील लक्ष्मण मंदिर विटांचे आहे. राणी वासटा हिने आपला दिवंगत पती हर्षगुप्त याच्या स्मरणार्थ ते बांधविले. विटांवरचे कोरीव काम इतके नाजूक आहे की दगडालाही हेवा वाटावा. १९५० च्या दशकात डॉ. मोरेश्वर गंगाधर दीक्षित यांनी येथे उत्खनन केले आणि मातीखालून आनंदप्रभू कुटी विहार हा बौद्ध मठ प्रकाशात आणला. शैव, वैष्णव आणि बौद्ध यांची स्थाने एकमेकांच्या हाकेच्या अंतरावर आहेत.

काठ उरतील काय?

रायपूरची तळी आज पूर्वीइतकी राहिलेली नाहीत. शहराच्या मध्यभागी ‘रजबंधा मैदान’ आहे. ‘बंधा’ म्हणजे तलाव. पण तेथे आता पाण्याचा टिपूसही नाही. तळे बुजले, मैदान झाले आणि मैदानावर इमारती आल्या. पाण्याची उरलेली स्मृती केवळ नावात आहे. अन्य तळ्यांच्याही कडा आकसल्या, काहींमध्ये सांडपाणी शिरले. तळे बुजविणाऱ्याला त्या दिवशी जमीन मिळते. त्याची किंमत भोवतालच्या विहिरी आणि पावसाळ्यात पाणी तुंबणारे रस्ते पुढे कित्येक वर्षे भरीत राहतात. बँकेच्या भाषेत, हे व्याज खर्च करणे नव्हे, मुद्दलाला हात घालणे होय. जेथे लोक रोज चालतात तो काठ बुजविणे सोपे नसते, हे तेलीबांधा आणि बूढा तलाव यांनी दाखवून दिले आहे. पहाटे फिरायला येणारा प्रत्येक माणूस नकळत त्या पाण्याचा राखणदार होतो.

नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ या भ्रमंतीला उत्तम. एप्रिल-मे महिन्यांत उन्हाचा तडाखा असह्य असतो. पावसाळ्यात तळी भरलेली दिसतात, मात्र घाटाच्या पायऱ्यांवर जपून उतरावे. जुन्या शहरात मंदिरे दुपारी बंद असतात, संग्रहालयाचा सुट्टीचा वार आधी विचारून घ्यावा. राजिम आणि सिरपूर एकाच दिवसात उरकण्याचा मोह टाळावा. आणि लाखेनगर चौकातून जाताना, घाई असली तरी, त्या पाटीवरचे नाव एकदा वाचावे. शंभरांहून अधिक वर्षांपूर्वी, धानाच्या या मुलखात, एका वकिलाने शेजाऱ्यांच्या लहान लहान ठेवी एकत्र करून त्यांचे तळे बांधले होते.